हेपरिनच्या बाटलीत नेमकं काय होतं? २.१५ वरच्या एका पीकची पूर्ण केस

नोव्हेंबर २००७. अमेरिकेत सेंट लुईसला लहान मुलांचं एक हॉस्पिटल आहे, तिथे डायलिसिसला बसवलेल्या एका मुलाला मशीन सुरू झाल्यावर काही मिनिटांतच त्रास सुरू झाला, डोळ्यांभोवती सूज, ठोके वाढलेले, बीपी धडाधड खाली. थोड्याच दिवसांत दुसऱ्या मुलाला तसंच. अशा वेळी पहिला संशय मशीनवर जातो, फिल्टरवर जातो, नळ्या कशाने निर्जंतुक केल्या त्यावर जातो, आणि तो जायलाच पाहिजे. पण जानेवारीत पुन्हा तेच झालं तेव्हा डॉक्टरांनी आरोग्य खात्याला कळवलं, तिथून प्रकरण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे म्हणजे सीडीसीकडे गेलं, आणि बघतात तर बाकी राज्यांतल्या डायलिसिस सेंटरमध्येही असेच पेशंट. सगळ्यांना जोडणारा धागा एकच निघाला, हेपरिनचं इंजेक्शन, आणि तेही एकाच कंपनीचं. जानेवारी २००८ च्या मध्यावर काही बॅचेस परत मागवल्या, फेब्रुवारी संपेपर्यंत जवळजवळ सगळा माल.

हेपरिन म्हणजे काय हे आपल्याकडे आता बऱ्याच घरांत माहीत आहे, कोविडमध्ये पोटावर टोचायची रक्त पातळ करायची इंजेक्शनं आठवत असतील, ती याच हेपरिनचे छोटे तुकडे करून बनवलेली. डायलिसिस, बायपास, अँजिओप्लास्टी, जिथे रक्त शरीराबाहेरच्या नळीतून फिरतं किंवा गुठळीची भीती असते तिथे हे लागतंच. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला काम करता करता रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला, तिथून ही गोष्ट सुरू झाली, आणि कुत्र्याच्या यकृतातून मिळाला म्हणून त्याचे गुरू हॉवेल यांनी पुढे यकृताच्या ग्रीक शब्दावरून हेपरिन हे नाव दिलं. आज हे बहुतांश डुकराच्या आतड्याच्या आतल्या अस्तरातून काढतात, आणि त्यातला निम्म्याहून जास्त कच्चा माल चीनमधून येतो.

आता खरा घोळ इथे आहे, आणि ही केस मला लिहावीशी वाटली ती त्यासाठीच. परत मागवलेल्या बाटल्या तपासल्या तर त्या सगळ्या पास! तेव्हाच्या अमेरिकन फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमावलीची, मुख्य टेस्ट काय होती, तर मेंढीच्या रक्ताचा प्लाझ्मा घ्या, त्यात नमुना टाका, गोठायला किती वेळ लागतो बघा. बाटलीतला माल रक्त गोठू देत नव्हता, म्हणजे हेपरिन. काम करतंय ना, मग तेच आहे.

दुधाचं उदाहरण घ्या. दुधात पाणी घातलं की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) दोन्ही घसरतात, मग एसएनएफ परत वर आणायला युरिया घालतात, आणि डेअरीवरचा आकडा बरोबर येतो. आकडा बरोबर आहे म्हणजे दूध बरोबर आहे असं नाही, कारण टेस्ट दूध ओळखत नाही, टेस्ट फक्त आकडा बघते. २००८ च्याच सप्टेंबरमध्ये चीनमध्ये लहान बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन सापडलं तेही याच जातीचं, प्रोटीन मोजायचं म्हणून नायट्रोजन मोजत होते आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. हेपरिनच्या बाबतीत मात्र भेसळ ओळखणं याहून कितीतरी अवघड होतं, कारण खरं हेपरिनच मुळात एक ठराविक रेणू नाही.

हे जरा नीट सांगतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. प्रोटीनमधले दोन अमिनो आम्ल एकमेकांना ठरलेल्या एकाच पद्धतीने जोडले जातात. साखरेचं तसं नाही, ग्लुकोजचे नुसते दोन रेणू जोडायचे म्हटलं तर ११ वेगवेगळे पदार्थ होऊ शकतात, कुठल्या कार्बनला जोडलं आणि जोड वर वळला की खाली वळला एवढ्यावरून. ज्वारीचं पीठ आणि ज्वारीचा कडबा, पिठातला स्टार्च आणि कडब्यातला सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच लांब साखळ्या, दोन्हीत पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्याला जोडलेला, फरक फक्त जोड अल्फा आहे की बीटा. एकाची भाकरी होते आणि दुसरं फक्त गुराला पचतं. एवढा फरक, एका वळणाने.

हेपरिनमध्ये दोन साखरा आलटून पालटून येतात, एक युरोनिक आम्ल आणि एक ग्लुकोसामाइन. युरोनिक आम्ल दोन प्रकारचं, आयडुरोनिक किंवा ग्लुक्युरोनिक, त्याच्या दोन नंबरच्या जागी सल्फेट असेल किंवा नसेल, झाले ४. ग्लुकोसामाइनच्या नायट्रोजनवर सल्फेट असेल, असेटिल असेल किंवा तो मोकळा असेल, शिवाय ३ आणि ६ नंबरला सल्फेट असेल-नसेल, झाले १२. चार गुणिले बारा, ४८ प्रकारची जोडी कागदावर शक्य, आणि एका साखळीत अशा सरासरी वीस-पंचवीस जोड्या. डीएनएसारखा साचा इथे नसतो, पेशीतली एन्झाइम्स साखळीवरून फिरत जातात आणि कुठे सल्फेट लावतात कुठे सोडून देतात. त्यामुळे एका बाटलीत लहानमोठ्या, जराजराशा वेगळ्या असंख्य साखळ्यांचं मिश्रण असतं. यातलं आयडुरोनिक आम्ल हे मुख्य आहे हेच मुळात १९६० च्या दशकात कळलं, त्याआधी कित्येक वर्षं लोक ग्लुक्युरोनिक आम्ल धरून चालले होते. आणि अँटिथ्रॉम्बिनला, म्हणजे रक्त गोठणं रोखणाऱ्या प्रोटीनला, पकडणारा पाच साखरांचा नेमका तुकडा १९८० च्या सुमाराला हाती लागला, तो तर साधारण एक तृतीयांश साखळ्यांमध्येच असतो. तोच तुकडा लॅबमध्ये बनवून फोंडापॅरिनक्स नावाचं औषध २००१ मध्ये आलं.

म्हणजे खरा माल असा, दर बॅचला थोडा वेगळा. त्यात चोर कसा शोधायचा?

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने म्हणजे एफडीएने स्वतःच्या लॅबसोबत बाहेरच्या लोकांना बोलावलं. एमआयटीचे राम ससिशेखरन, न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर इन्स्टिट्यूटचे रॉबर्ट लिनहार्ट, इटलीत मिलानच्या रोन्झोनी इन्स्टिट्यूटचे बेनितो काझू, जान्जाकोमो तोर्री आणि मार्को गुएर्रिनी. हेपरिनच्या रचनेवर आयुष्य घातलेली ही माणसं.

पहिला सुगावा दोन ठिकाणी लागला. एक कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे केसासारख्या बारीक नळीतून विजेच्या दाबाने नमुना पळवतात आणि ज्याच्यावर ऋण भार जास्त तो वेगळा पळतो, तिथे आलेखात हेपरिनच्या मोठ्या पीकच्या (म्हणजे उंच टोकाच्या) पुढे अजून एक पीक आलं. सजीवांच्या शरीरातल्या रेणूंमध्ये हेपरिनवर सर्वात दाट ऋण भार असतो असं आम्हाला शिकवलेलं, आणि इथे त्याच्याही पुढे पळणारं काहीतरी! दुसरा सुगावा प्रोटॉन एनएमआरमध्ये, आणि माझ्या मते या केसचा जीव तिथे आहे.

एनएमआर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, काही मिलिग्रॅम पांढरी पावडर जड पाण्यात विरघळवायची, पेन्सिलपेक्षा बारीक काचेच्या नळीत भरायची, ती मोठ्या चुंबकाच्या पोटात सोडायची, आणि प्रत्येक हायड्रोजन आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांप्रमाणे वेगळ्या आकड्यावर बोलतो. आकडे उजवीकडून डावीकडे वाढतात. पॉलिसॅकराइडचा, म्हणजे साखरेच्या लांब साखळीचा, स्पेक्ट्रम (एनएमआरचा आलेख) पहिल्यांदा पाहिला की कुणाचाही हिरमोड होतो, मी मेथीच्या गॅलॅक्टोमॅननचा पहिल्यांदा काढला तेव्हा मला वाटलं नमुनाच बिघडलाय, कारण छोट्या रेणूंसारख्या सुया दिसतच नाहीत, लांब साखळी पाण्यात सावकाश गोल फिरते म्हणून सगळे पीक फुगलेले, ३ ते ४.५ च्या मध्ये तर नुसते एकावर एक चढलेले डोंगर, आणि ४.७ च्या आसपास पाण्याचा पीक बसलेला असतो तो जवळपासचं सगळं झाकतो. पण उजव्या बाजूला, २ च्या जवळ, जागा मोकळी असते. तिथे फक्त असेटिल गटाचा मिथाइल बोलतो. तीन हायड्रोजन, तिघेही सारखे, एकाच आवाजात.

चांगल्या हेपरिनचा हा मिथाइल २.०५ च्या जवळ येतो. संशयित बॅचेसमध्ये तो होताच, पण त्याच्या जरा डावीकडे, २.१५ वर, अजून एक पीक. काही बॅचेसमध्ये मधेच २.०८ लाही एक दिसत होता. हा २.०८ वाला डर्माटन सल्फेटचा, तो आतड्यातून हेपरिनसोबत नैसर्गिकरीत्याच येतो आणि शुद्धीकरण कमी पडलं की मागे राहतो. तो असणं चांगलं नाही पण तो कुणाचं बीपी पाडत नाही. अशा वेळी घाई केली असती तर सगळा दोष डर्माटनवर जाऊन फाईल बंद झाली असती. २.१५ चा मात्र ओळखीच्या कुठल्याच नैसर्गिक सोबत्याशी मेळ बसत नव्हता.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी बरेच जण विसरतात. हेपरिनमध्ये नायट्रोजनवर बहुतेक ठिकाणी सल्फेट असतं, असेटिल फार थोड्या ठिकाणी, त्यामुळे २.०५ चा पीक मुळातच बुटका. पाहुण्याच्या साखळीत जर प्रत्येक जोडीला एक असेटिल असेल तर थोडासा माल असला तरी त्याचा पीक उंच दिसणार. म्हणजे दोन पीक सारख्या उंचीचे दिसले म्हणून निम्मा माल भेसळीचा असं धरलं तर हिशोब पार चुकतो. पण याचा फायदाही तोच, थोडी भेसळसुद्धा ओरडून सांगते. शेवटी वेगवेगळ्या बॅचेसमध्ये भेसळ २ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत निघाली.

आता तो पीक कुणाचा हे ठरवायचं. एकाच पद्धतीवर विश्वास न ठेवता चारी बाजूंनी घेरलं. आधी एन्झाइम, हेपरिनेज नावाची एन्झाइम्स आहेत, ती हेपरिनची साखळी कात्रीसारखी कापून दोन-दोन साखरांचे तुकडे करतात. ती लावली, हेपरिन सगळं कापलं गेलं, आणि २.१५ वाला जसाच्या तसा अख्खा राहिला. म्हणजे हा हेपरिनचा भाऊबंद नाही. कॉन्ड्रॉयटिन ही कूर्चेतली साखरेची साखळी, ती कापणाऱ्या एन्झाइम्सनाही तो दाद देईना, आणि इथे डोकं चक्रावतं, कारण पुढे रचना कळली तेव्हा कणा कॉन्ड्रॉयटिनचाच निघाला. कात्रीला पकडायला जी जागा लागते तिथेच सल्फेट बसवलेलं असलं तर कात्री चालत नाही, आणि एन्झाइमने कापलं नाही म्हणजे तो पदार्थ नाही हा निष्कर्ष अशा वेळी फसवतो.

मग भेसळीचा भाग वेगळा काढून त्यावर कार्बन एनएमआर. मिथाइलचा कार्बन २५.६ वर आला, हेपरिनचा २४.५ च्या आसपास असतो. दोन साखरांना जोडणाऱ्या पहिल्या कार्बनचे पीक १०३ च्या पुढे आले, हेपरिनमध्ये ते साधारण ९७ ते १०२ मध्ये असतात, आणि या पुढे सरकण्याचा अर्थ जोड अल्फा नाही, बीटा आहे. म्हणजे कडबा आणि पिठातला फरक होता तसाच फरक इथे, आणि तो एका आकड्यात दिसला. शेजारच्या हायड्रोजनमुळे पीक दुभंगतो त्याला विभाजन म्हणतात, पहिल्या आणि दुसऱ्या हायड्रोजनमधलं हे विभाजन मोठं आलं की बीटाला दुजोरा मिळतो. चौथ्या हायड्रोजनचं विभाजन बारीक आलं की ग्लुकोसामाइन नाही, गॅलॅक्टोसामाइन आहे, कारण त्या दोघांत फक्त चार नंबरचा गट वर की खाली एवढाच फरक.

मग दोन मितींचे स्पेक्ट्रा. एकात कुठला हायड्रोजन कुठल्या कार्बनवर बसलाय त्याचा नकाशा मिळतो, दुसऱ्यात एकाच साखरेतले सगळे हायड्रोजन एका ओळीत सापडतात, तिसऱ्यात जोड ओलांडून पलीकडच्या साखरेचा कार्बन दिसतो. सल्फेट कुठे लागलंय हे कसं कळतं? ज्या कार्बनवर सल्फेट बसतं तिथला हायड्रोजन आपल्या नेहमीच्या जागेवरून बराच डावीकडे ढकलला जातो, कार्बनही काही आकडे पुढे सरकतो. एकेक जागा तपासत गेले. गॅलॅक्टोसामाइनची ४ नंबरची जागा, ढकललेली. ६ नंबर, ढकललेली. ग्लुक्युरोनिक आम्लाची २ नंबर, ढकललेली. ३ नंबर, तीही ढकललेली.

चारही जागा भरलेल्या. एका जोडीवर चार सल्फेट. कूर्चेतल्या नेहमीच्या कॉन्ड्रॉयटिनमध्ये जोडीला साधारण एकच असतं. साखळीभर सलग चार-चार सल्फेट असलेलं कॉन्ड्रॉयटिन निसर्गात कुठल्या प्राण्यात सापडलेलंच नाही. म्हणजे ही शुद्धीकरणातली चूक नव्हती, आतड्यातून चुकून आलेली घाण नव्हती. कुणीतरी स्वस्त कॉन्ड्रॉयटिन सल्फेट घेऊन रासायनिक प्रक्रियेने त्यावर जमेल तिथे सल्फेट चढवलं होतं, जेणेकरून भार हेपरिनसारखा व्हावा आणि ते रक्तही थोडंफार पातळ ठेवावं. कॉन्ड्रॉयटिन म्हणजे तेच जे आपल्याकडे गुडघेदुखीच्या गोळ्यांत ग्लुकोसामाइनसोबत देतात, सहज मिळणारं.

रचना कागदावर ठरली तरी ही मंडळी थांबली नाहीत, आणि मला त्यांचं सर्वात जास्त कौतुक याचंच वाटतं. त्यांनी साधं कॉन्ड्रॉयटिन सल्फेट घेतलं, त्यावर स्वतः सल्फेट चढवून तोच पदार्थ लॅबमध्ये बनवला, आणि त्याचा स्पेक्ट्रम बाटलीतल्या चोराच्या स्पेक्ट्रमशेजारी ठेवला. पीकला पीक जुळला. नैसर्गिक पॉलिसॅकराइडच्या कामात असं फार क्वचित करता येतं, कारण बहुतेक वेळा ताडून बघायला तो पदार्थ बनवताच येत नाही, आपण पुराव्यावर पुरावे रचत जातो आणि कुठेतरी थांबतो.

मार्च २००८ च्या सुरुवातीला एफडीएने हेपरिनसारखं दिसणारं काहीतरी मिसळलंय एवढं जाहीर केलं, १९ मार्चला नाव सांगितलं, अतिसल्फेटित कॉन्ड्रॉयटिन सल्फेट, आणि २३ एप्रिलला दोन पेपर एकाच दिवशी आले. एक नेचर बायोटेक्नॉलॉजीत, रचनेचा. दुसरा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये, हा पदार्थ शरीरात करतो काय त्याचा. हा दुसरा पेपर नसता तर केस अर्धीच राहिली असती, कारण भेसळ सापडली म्हणजे तिनेच माणसं मेली असं आपोआप होत नाही. त्यांनी दाखवलं की हा दाट भाराचा पदार्थ रक्तातला फॅक्टर बारा (गोठण्याशी संबंधित एक प्रोटीन) जागा करतो, त्यातून कॅलिक्रेन आणि पुढे ब्रॅडिकायनिन तयार होतं, ब्रॅडिकायनिनने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी कोसळतं, शिवाय सी३ए आणि सी५ए हे ॲलर्जीसारखी रिॲक्शन पेटवणारे तुकडेही वाढतात. वेगवेगळ्या प्राण्यांचा प्लाझ्मा तपासला तर माणसासारखा प्रतिसाद डुकरात मिळाला, आणि डुकरांना दिल्यावर बीपी पडलेलं दिसलं. सेंट लुईसच्या त्या मुलांना मिनिटांत त्रास का झाला याचं उत्तर चार सल्फेटपर्यंत जाऊन पोचलं.

हे का झालं, तर त्याचं एक कारण समोर दिसत होतं. २००६-०७ मध्ये चीनमध्ये डुकरांत निळ्या कानाचा रोग पसरला, डुकरं मेली, आतडी कमी पडली, कच्च्या मालाचा भाव चढला. गाईपासून काढलेलं हेपरिन मॅड काऊच्या भीतीने अमेरिकेत १९९० च्या दशकातच बंद झालेलं, त्यामुळे दुसरा रस्ता नव्हता. त्यात ज्या चिनी कारखान्यातून माल येत होता त्याची एफडीएने परवानगीआधी तपासणी केलीच नव्हती, सारख्या नावाच्या दुसऱ्याच कारखान्याशी गल्लत झाली होती. नंतर शोधलं तर भेसळीचा माल ११ देशांत पोचलेला निघाला आणि त्याचा माग चीनमधल्या १२ कंपन्यांपर्यंत गेला, पण नेमकं कुणी आणि साखळीत कुठल्या टप्प्यावर मिसळलं हे उघड झालं नाही. अमेरिकेत त्या काळात हेपरिननंतर ॲलर्जी किंवा बीपी पडण्याच्या लक्षणांसह झालेल्या ८१ मृत्यूंची नोंद एफडीएकडे आली. त्यातला प्रत्येक मृत्यू याच भेसळीने झाला असं म्हणता येत नाही, पण त्यातले बरेचसे लोक डायलिसिससारख्या नेहमीच्या उपचाराला आलेले होते, आठवड्यातून तीनदा येतात तसे, आणि हे वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं.

यानंतर फार्माकोपिया बदलली. जून २००८ मध्ये एनएमआर आणि कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस सक्तीचं झालं, ऑक्टोबर २००९ पासून मेंढीच्या प्लाझ्माची टेस्ट जाऊन त्या जागी गोठण्याच्या नेमक्या दोन फॅक्टरवर किती परिणाम होतो ते मोजणं आलं, आणि त्यामुळे अमेरिकेत हेपरिनचं युनिट साधारण १० टक्क्यांनी हलकं झालं, डॉक्टरांना डोसबद्दल वेगळी सूचना द्यावी लागली. काही जणांना तेव्हा वाटलं हे जरा जास्तच होतंय, एका औषधासाठी प्रत्येक उत्पादकाने एनएमआर करायचं म्हणजे खर्च केवढा. मला नाही वाटत. साखरेच्या साखळीच्या बाबतीत ती काम काय करते हे विचारून तिची ओळख पटत नाही, ती कशी जोडलेली आहे हे बघावंच लागतं, आणि ते बघायची इतकी सरळ दुसरी खिडकी आज तरी नाही. २०१८-१९ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरने चीनमधली डुकरं पुन्हा मोठ्या संख्येने गेली तेव्हा हेपरिनवाल्या सगळ्यांना हीच केस आठवली, यावेळी निदान टेस्ट जागेवर होत्या.

आता नियमात लिहिलंय की हेपरिनच्या स्पेक्ट्रममध्ये २.१० ते ३.२० चा पट्टा मोकळा हवा, ५.४ आणि ५.२ च्या पीकच्या सरासरी उंचीच्या ४ टक्क्यांवर अनोळखी काहीही दिसलं तर बॅच नापास. स्पेक्ट्रम स्क्रीनवर आला की मी आधी मधले डोंगर बघत नाही, ५.४ आणि ५.२ चे ओळखीचे पीकही नाही. सरळ उजवीकडे जातो, २.०५ ची उंची दहापट ताणून घेतो आणि त्याच्या डावीकडची रेघ सपाट आहे का ते बघतो.